काजवा सांगतो औषधाचा निकाल

भंडारदऱ्याच्या झाडांवर लुकलुकणारा काजवा आणि नाशिकच्या एखाद्या हॉस्पिटलात थेंबथेंब उतरणारं केमोचं सलाइन. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर बघाल तर काहीच नाही. एक रानातला, दुसरं खाटेशेजारच्या स्टँडला टांगलेलं. पण संबंध आहे, आणि तो कळला की येत्या मे महिन्यात तुम्ही घरच्यांच्या मागे 'काजवे बघायला चला' म्हणून लकडा लावाल. फक्त तिथवर पोचायला आधी एक गाठ सोडवावी लागेल. कॅन्सरची गाठ!

नाव एक, तऱ्हा अनेक

आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पेशी वाढते, एकीच्या दोन होतात, म्हातारी झाली की मरते. दोन कधी व्हायचं आणि कधी थांबायचं, याच्या सूचना तिच्या डीएनएमध्ये असतात. कधीकधी एखाद्या पेशीच्या सूचनांमध्ये एकामागून एक बिघाड होत जातात. मग ती थांबायचंच विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ... अशी बेशिस्त वाढ होत होत बऱ्याचदा गाठ तयार होते. हाच कॅन्सर.

एक गोष्ट इथेच पक्की करून टाकू. कॅन्सर सर्दी-पडशासारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजीला कॅन्सर झाला असेल तर तिच्या कुशीत शिरायला, तिच्या ताटात जेवायला अजिबात हरकत नाही.

आता गंमत बघा. बिघाड कोणत्या सूचनेत झाला, हे माणसागणिक वेगळं असतं. समजा, दोन आज्या आहेत. दोघींनाही आतड्याचा कॅन्सर. रिपोर्टवर नाव एकच. दोघींना एकच औषध दिलं. एकीची गाठ आक्रसली, दुसरीची ढिम्म हलली नाही. असं का? कारण नाव एक असलं तरी दोन्ही गाठींतले बिघाड वेगळे.

मग दुसऱ्या आजीचं काय झालं? तिने केमोचा, म्हणजे कॅन्सरवरच्या त्या औषधाचा, सगळा त्रास सोसला. केमोची बरीच औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत, आतड्याच्या अस्तरात चांगल्या पेशीही भराभर वाढत असतात. त्यांनाही मार बसतो. म्हणून केस गळतात, तोंड येतं, मळमळतं. एवढं होऊन गाठ तशीच, आणि मधले मोलाचे महिने हातचे गेले.

डॉक्टर काही मनाला येईल ते औषध देत नाहीत. हजारो रुग्णांचा अभ्यास करून, बहुतेकांना जे लागू पडतं ते आधी देतात. पण त्या 'बहुतेकां'मध्ये आपली आजी बसते का? हे औषध देण्याआधीच कळलं तर?

आधी एका ओळीवर

निफाड-दिंडोरीकडे ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना हे पटकन समजेल. वेलीवर भुरी आली. दुकानदाराने नवं औषध दिलं. जाणता बागायतदार लगेच सगळ्या बागेवर पंप फिरवत नाही. आधी एका ओळीवर मारतो, शेजारची एक ओळ मुद्दाम कोरी ठेवतो आणि काही दिवसांनी दोन्हीकडची पानं हातात घेऊन बघतो. फरक दिसला तरच बाकीच्या बागेची फवारणी.

आजीच्या शरीरात अशा ओळी नाहीत. औषध एकदा रक्तात गेलं की सगळीकडे पोचतं. मग शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. गाठीचा बारकासा तुकडा बाहेर काढायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि औषधं त्याच्यावर वापरून बघायची. त्या तुकड्यातून वाढणारे पेशींचे इवले गोळे म्हणजे ऑर्गनॉइड. बरेचसे गोळे एक मिलिमीटरहूनही लहान असतात. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढा आणि तिच्यावरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर बघा. त्याहून छोटे! पण त्यांच्यातले बिघाड बऱ्याच अंशी आजीच्या गाठीतलेच असतात. म्हणून तर त्यांना एवढी किंमत.

गाळलेला स्पंज

गोळे वाढवण्यासाठी तुकड्यातल्या पेशी आधी सुट्या करतात. मग त्या पुन्हा जमतील कशा, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्यासाठी 1907 सालात जाऊ.

हेन्री विल्सन नावाचे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातल्या स्पंजांचा अभ्यास करत होते. हो, स्पंज हा प्राणी आहे! त्यांनी एक जिवंत स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडात घेतला आणि पिळून गाळला. पाण्यात सुट्या पेशींचा ढग तयार झाला. आता प्राणी संपला, असंच कोणालाही वाटेल. पण त्या पेशी सरकू लागल्या, एकमेकींना चिकटल्या, त्यांचे पुंजके झाले आणि काही दिवसांत त्यातून पुन्हा स्पंज उभे राहिले. कोणी नकाशा दिला नव्हता, कोणी हात धरून जागेवर बसवलं नव्हतं. शेजारणीला ओळखण्याची कला पेशींच्या अंगातच असते.

ती कला आपल्या पेशींमध्येही असते, फक्त त्यांना सोयीची जागा मिळायला हवी. काचेच्या सपाट तळावर ठेवलं तर पेशी पसरून चपट्या होतात आणि शरीरातल्यासारख्या वागत नाहीत. 2009 साली नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो या जपानी शास्त्रज्ञाने उंदराच्या आतड्यातली एकच मूळपेशी (जिच्यापासून इतर पेशी तयार होतात ती) मऊ जेलमध्ये ठेवली. तिच्यापासून आतड्याच्या अस्तराची छोटी प्रतिकृती वाढली. एका पेशीतून! मग जगभरात अशा गोळ्यांची लाटच आली. जठर, यकृत, स्वादुपिंड आणि पुढे कॅन्सरच्या गाठीही.

ताटली उलटी का ठेवतात?

आता प्रत्यक्ष कृती बघू. ऑपरेशनमध्ये किंवा बायोप्सीच्या वेळी गाठीचा काही मिलिमीटरचा तुकडा काढतात. रुग्णाची लेखी परवानगी आधीच घेतलेली असते. तुकडा थंड द्रवाच्या नळीत घालून तातडीने प्रयोगशाळेत नेतात, कारण आतल्या पेशी जिवंत राहायला हव्यात. तिथे धारदार पात्याने त्याचे अगदी बारीक तुकडे करतात आणि ते विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, द्रावणात ठेवतात. पेशींना बांधून ठेवणारे धागे विकरं तोडतात. मग गाळायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. पेशी तळाशी बसतात.

पुढची पायरी माझी सगळ्यात लाडकी आहे. पेशी एका खास जेलमध्ये मिसळतात. या जेलची चाल उलटी: थंडीत पातळ, उबेत घट्ट. म्हणून काम करताना ते बर्फात ठेवावं लागतं. जरा रेंगाळलात तर नळीतच गोठून बसतं. त्याचा एकेक थेंब ताटलीत टाकतात आणि ताटली चक्क पालथी करून 37 अंशांच्या उबेत ठेवतात. थेंब पडत नाही, चिकटून राहतो. पालथी कशासाठी? सरळ ठेवली तर थेंब घट्ट होण्याआधीच पेशी तळाशी जाऊन बसतील आणि पुन्हा चपट्या होतील. पालथी ठेवली की त्या तळापासून दूर, जेलमध्ये अधांतरी राहतात. त्यांना सगळ्या बाजूंनी वाढायला जागा मिळते.

मग ताटली सरळ करून वर गुलाबी पोषकद्रव ओततात. त्यात साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि 'वाढा' असा निरोप देणारी प्रथिनं असतात. गुलाबी रंग उगाच नाही हं! पेशींनी टाकलेलं आम्ल साचलं की द्रव पिवळा पडू लागतो. म्हणजे पेशी न बोलता सांगतात, पाणी बदला. दोन-तीन दिवसांनी द्रव बदलत राहायचा. आठवड्या-दोन आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की गोळे दिसतात. काही आतून पोकळ, काही भरीव, काही वेडेवाकडे.

आता काजवा!

गोळे तयार झाले, औषध घातलं, काही दिवस थांबलो. आतल्या पेशी मेल्या की जगल्या, हे ओळखायचं कसं? हजारो पेशी एकेक करून मोजणार कोण?

इथे काजवा मदतीला येतो. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो आणि ल्युसिफेरेज नावाचं विकर. दोघांना ऑक्सिजन मिळाला की उजेड पडतो, पण आणखी एक गोष्ट लागते: एटीपी. जिवंत पेशी आपली सगळी कामं याच एटीपीच्या जोरावर करते. पेशी मेली की तिच्यातलं एटीपी लवकरच संपतं. म्हणजे जिथे एटीपी, तिथे जीव.

शास्त्रज्ञांनी हेच हेरलं. पेशी फोडणारा द्रव आणि काजव्याची ही जोडी त्यांनी एकत्र केली. ते मिश्रण गोळ्यांवर घातलं की पेशी फुटतात, एटीपी बाहेर येतं आणि उजेड पडतो. तो इतका मंद असतो की यंत्राने मोजावा लागतो. लख्ख उजेड म्हणजे पेशी जिवंत आहेत, औषध नापास. अंधार म्हणजे पेशी मेल्या, औषध पास. अंधार पडला म्हणून माणसं खूश होतात अशी ही एक भारी जागा!

उजेडाला एटीपी लागतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 साली दाखवलं. त्यांना ढीगभर काजवे हवे होते. मग त्यांनी बाल्टिमोर शहरातल्या मुलांना सांगितलं, शंभर काजवे आणा आणि 25 सेंट घेऊन जा. पोरं बरण्या घेऊन पळत सुटली. म्हणजे आजच्या या चाचणीच्या मुळाशी तुमच्याएवढ्या मुलांची मेहनत आहे. आता मात्र कोणी काजवे पकडायला जाऊ नका. काजव्याचं जनुक शास्त्रज्ञांना 1985 साली वेगळं काढता आलं. तेव्हापासून हे विकर जिवाणूंकडून बनवून घेता येतं. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या सुमाराला घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेलात तर काजवे नुसते बघायचे, आणि तेही टॉर्च बंद ठेवून.

कमलताई रणदिवे

मॅकेलरॉय यांच्या काळात बाल्टिमोरला पोचलेल्या एका मराठी शास्त्रज्ञ बाईही होत्या. डॉ. कमल रणदिवे. जन्म 8 नोव्हेंबर 1917, पुण्याचा. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. कमलताईंनी 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि मग जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवायचं तंत्र शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण बाईंच्या कॅन्सरच्या पेशी काचपात्रात वाढू लागल्या. त्या 'हीला' नावाने जगभर गेल्या आणि आजही वाढताहेत. पण त्या घेताना हेन्रिएटांना कोणी विचारलं नव्हतं. मघाशी आपण लेखी परवानगीचं बोललो ना? तिचं महत्त्व जगाला अशा प्रसंगांतून कळलं.

कमलताई मुंबईला परतल्या आणि परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती अशी पहिली मानली जाते. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे त्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात राजूरला गेल्या आणि आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. राजूर कुठे आहे, माहितीये? भंडारदऱ्याच्या शेजारी, काजव्यांच्याच मुलखात.

आपल्या नाशकात

आता म्हणाल, हे सगळं परदेशात नाहीतर मुंबईत. आपल्याकडे काय? अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दातार कॅन्सर जेनेटिक्स नावाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी आणि नाशिकच्याच मानवता कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी मिळून एक अभ्यास केला. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. नाव होतं 'रेझिलियंट'. आधीचे उपचार करूनही ज्यांचा कॅन्सर वाढतच होता, अशा रुग्णांसाठी तो होता.

त्यांनी ऑर्गनॉइड वाढवले नाहीत. रुग्णाच्या जिवंत कॅन्सर पेशी घेऊन थेट त्यांच्यावर औषधं वापरून पाहिली. जोडीला त्याच गाठीची जनुकंही तपासली. दोन्हींवरून प्रत्येक रुग्णासाठी वेगळी औषधयोजना आखली. 126 रुग्णांचे निकाल तपासता आले. त्यातल्या 54 जणांची गाठ बरीच आक्रसली. ते 54 आणि ज्यांची गाठ निदान वाढायची थांबली ते, असे मिळून 114 जण. उपाय थकलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे आकडे आशा वाढवणारे आहेत. पण एक खोच आहे. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तपासणी न करता, नेहमीच्या पद्धतीने औषध मिळालेल्या तशाच रुग्णांचं काय झालं असतं, हे यावरून सांगता येत नाही.

ऑर्गनॉइड किती खरं सांगतात, याचा एक गाजलेला अभ्यास 2018 साली लंडनमधून आला. पोट आणि आतड्यांचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांच्या गाठीचे गोळे वाढवले आणि गोळ्यांचा निकाल रुग्णाच्या निकालाशी ताडून पाहिला. जिथे गोळ्यांवर औषध नापास झालं, तिथे ते रुग्णातही एकदाही चाललं नाही. जिथे पास झालं, तिथे रुग्णात 88 टक्के वेळा चाललं. अशा जोड्या मोजक्याच होत्या, तरी एक गोष्ट लक्षात घ्या. 'हे औषध नको' हे सांगण्यात गोळे जास्त पक्के निघाले. फुकटचा त्रास वाचवायला तेवढंही पुष्कळ आहे.

गोळ्याला काय जमत नाही?

गोळा म्हणजे आजी नव्हे. त्याच्यात रक्तवाहिन्या नाहीत, जंतूंशी आणि कॅन्सरशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी नाहीत. आजीच्या शरीरात यकृत औषधाची मोडतोड करतं. ताटलीत यकृत कुठलं? सगळ्याच गाठींचे तुकडे वाढत नाहीत, काही हट्टी असतात. कधीकधी तर लबाडी होते. गाठीबरोबर आलेल्या चांगल्या पेशीच जोमाने वाढतात आणि आपण भलत्याच गोळ्यांची परीक्षा घेत बसतो. शिवाय वेळ. गोळे वाढून निकाल हाती यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढं थांबणं प्रत्येक रुग्णाला परवडत नाही. म्हणून सध्या डॉक्टर गोळ्यांचा सल्ला ऐकतात, पण रुग्णाची तब्येत, स्कॅन, जनुकांचा रिपोर्ट हे सगळं बघूनच ठरवतात. हे गोळे अजून संशोधनातच जास्त वापरले जातात.

या उणिवांवर काम चालू आहे. गोळ्यांबरोबर लढवय्या पेशी वाढवणं, कमी पेशींत आणि कमी दिवसांत निकाल काढणं, असे प्रयोग जगभर होताहेत. त्यात तुमच्यापैकी कोणी असेल का?

डोकं चालवा

असाल तर पहिलं काम घ्या. प्रयोगशाळेत 96 खळग्यांची एक प्लॅस्टिकची ताटली मिळते. 8 ओळी, प्रत्येकीत 12 खळगे. सगळ्या खळग्यांत आजीचे गोळे आहेत. एकेक औषध तुम्हाला 6 वेगवेगळ्या प्रमाणांत वापरून बघायचं आहे. एखाद्या खळग्यात चूक होऊ शकते, म्हणून प्रत्येक प्रमाण 3 खळग्यांत घालायचं. आणि 6 खळग्यांत औषध अजिबात घालायचं नाही. तर एका ताटलीत किती औषधांची परीक्षा होईल?

उत्तर: एका औषधाला 6 गुणिले 3, म्हणजे 18 खळगे. 96 मधून कोरे 6 वजा केले की 90 उरतात. 90 भागिले 18, म्हणजे 5 औषधं.

आता खरा प्रश्न. ते 6 खळगे कोरे कशाला? त्यांतही औषध घातलं असतं तर काय बिघडलं असतं? समजा, सगळ्या ताटलीत उजेड कमी आला. औषधाने पेशी मेल्या म्हणून, की तुम्ही द्रव बदलायला विसरलात आणि सगळेच गोळे उपाशी मेले म्हणून? हे फक्त कोरे खळगे सांगू शकतात. तिथे लख्ख उजेड असेल तरच बाकीचा अंधार औषधाचा.

आणि मोठ्यांपैकी कोणी 'या काढ्याने अमक्याचा कॅन्सर पळाला' असं सांगितलं, तर आदराने एवढंच विचारा: "काका, काढा न घेतलेल्यांचं काय झालं?"